तीन लेखक आणि एक मार्का

दादरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावरच्या कचेरीत, आंब्याच्या तीन पेट्या एकाच दुपारी पोहोचल्या तेव्हा तिथे काय घडले, हे या कथेतील कोणीही पाहिलेले नाही. कथा सांगणारीनेही नाही. पेट्या पाहून मनस्वी शिर्के मोठ्याने हसली, की हसू आवरून तिने आधी चहा मागवला, याविषयी पुढे पुष्कळ तर्क झाले. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. जे पाहिले गेले ते सगळे रत्नागिरीत, नाचणे रस्त्यावरच्या पाध्यांच्या घरात, आणि त्याचे घरातले साक्षीदार तिघे. त्यांपैकी दोघे अजूनही जेवताना तो विषय काढतात. तिसरा त्या वेळी ताक मागतो.

तो तिसरा म्हणजे यज्ञेश पाध्ये, एका सरकारी कचेरीतला वरिष्ठ लिपिक. कचेरीत त्याची टिप्पणी एका पानापलीकडे कधी गेली नाही. त्याचे उट्टे तो पहाटे उठून कादंबऱ्यांत काढत असे. वर्षानुवर्षे, शेजारच्यांचा पंपही सुरू व्हायच्या आत, तो पडवीतल्या टेबलाशी बसे. त्यातून तीन कादंबऱ्या झाल्या होत्या. पहिली ऐतिहासिक, दाभोळ बंदरातल्या एका काल्पनिक सुभेदाराची. दुसरी भयकथा, पोफळीच्या वीजप्रकल्पाच्या बोगद्यात दिसणाऱ्या एका बाईची. तिसरी प्रेमकथा, जिची नायिका मांडवीच्या धक्क्यावर पुष्कळ वेळ उभी राहते. (पहिल्या खर्ड्यात ती इतका वेळ उभी होती की वाचणाऱ्याचेही पाय दुखावेत.)

प्रत्येक कादंबरी संपली की तो ती बायकोकडे तपासायला देई. ऋजुता कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे आणि कोणत्याही विधानाला आधार मागत असे. सुभेदाराच्या दौडीपुढे तिने 'वेग शक्य नाही' असे लिहिले होते. तिने तपासलेली फाईल यज्ञेश पुन्हा उघडत नसे. तसे करणे हा तिच्यावरचा अविश्वास ठरेल, असे तो म्हणे; खरे कारण आळस होते, आणि ते दोघांनाही ठाऊक होते.

प्रकाशकांकडून उत्तरे येत नव्हती. ज्या एकाने पत्रोत्तर दिले त्याने 'आपण नक्की काय लिहिता?' एवढेच विचारले. अशात यज्ञेशने लेखकांसाठीची एक ऑनलाईन व्याख्यानमाला ऐकली आणि त्याला समजले की आता मराठीतही लेखकाला एजंट हवा. तो हस्तलिखित वाचतो, योग्य प्रकाशक शोधतो, करार पाहतो. वक्त्याने पुढे बजावले की एजंटला लेखक एका वाक्यात सांगता आला पाहिजे. यज्ञेशने स्वतःला एका वाक्यात सांगून पाहिले. वाक्य सुभेदारापाशी सुरू झाले, बोगद्यातून गेले आणि धक्क्यावर येऊन अडकले.

पडवीत आप्पा, म्हणजे त्याचे वडील, गवतावर हापूस निवडत बसले होते.

"तोंड का असं?" त्यांनी विचारले.

"एजंट शोधायचाय, आप्पा."

"वाशीचा? आपला आहे की. त्याला काय झालं?"

"आंब्याचा नव्हे. पुस्तकांचा."

"शिंचे पुस्तकांनाही लागतात का आता?" आप्पांनी एक फळ उचलून देठाशी हुंगले. "मग माल नीट लावून दाखव त्याला. एका पेटीत हापूस आणि पायरी एकत्र घातलीस, की समोरचा दोन्हीला हलका रायवळ समजतो."

बागायतदाराने आंब्याविषयी सांगितलेली गोष्ट बागायतदाराच्या मुलाने स्वतःविषयी घेतली, आणि सगळा अनर्थ इथून सुरू झाला. यज्ञेशने स्वतःची प्रतवारी केली. सुभेदार त्याने स्वतःच्या नावावर ठेवला. बोगद्यातली बाई भागोजी पोफळीकर यांना दिली. प्रेमकथेसाठी निशिगंधा सावर्डेकर नावाची लेखिका जन्माला घातली. (आडनावे त्याने एस.टी.च्या पाट्यांवरून घेतली, हे कोणाही रत्नागिरीकराच्या चटकन लक्षात आले असते.) मग तिघांच्या नावे तीन ईमेल खाती उघडून त्याने तिन्ही कादंबऱ्या दादरच्या एजंट मनस्वी शिर्के यांना पाठवल्या.

"एकाच बाईला?" ऋजुताने विचारले.

"मराठी कादंबऱ्या घेणारे एजंट आहेत किती?"

"मग एकाच नावाने का नाही?"

यज्ञेशने पायरीचे उदाहरण दिले.

"उदाहरण चुकीचं आहे," ऋजुता म्हणाली. "आंबा स्वतःची जात लपवत नाही."

मनस्वीचे उत्तर आले. तिघांनाही. तिन्ही हस्तलिखिते वाचते आहे, कळवते, असे दोन ओळींचे. परंतु इतक्या वर्षांत 'वाचते आहे' हे शब्द यज्ञेशला कोणी लिहिले नव्हते. त्या दिवशी तो कचेरीतून चालत घरी आला आणि वाटेत ज्याला-त्याला हात करत आला.

मुंबईहून चांगली बातमी आली की तिकडे आंब्याची पेटी जाते. यात विचार करण्यासारखे काही नसते. अडचण इतकीच, की पाध्यांनी एकट्यांनी पेटी पाठवली तर बाकीचे दोघे काय म्हणतील? निशिगंधा सावर्डेकर ही बाई इतकी कोरडी असेल हे यज्ञेशच्या मनाला पटेना. भागोजी तर जुन्या वळणाचे. शेवटी तिघांतर्फे तीन पेट्या पाठवायचे ठरले.

"फक्त त्यांवर आपला मार्का नको, आप्पा," कचेरीला निघताना तो म्हणाला. "वेगवेगळ्या माणसांकडून जातायत असं दिसलं पाहिजे."

आप्पा खिळे निवडत होते. "बघू," ते म्हणाले.

कोकणात 'बघू' हे उत्तर नसते. विषय संपल्याची ती सूचना असते. यज्ञेशचा जन्म इथला, तरी तो हे विसरला आणि निश्चिंत मनाने बस पकडायला गेला.

मे महिन्यात मनस्वीने कळवले की मावसबहिणीच्या लग्नाला ती रत्नागिरीत येते आहे. तिघेही याच भागातले, तर एकत्र भेटता येईल का? भागोजी आजारी आहेत, निशिगंधाताई परगावी गेल्या आहेत, असे लिहिणे अगदी सोपे होते. परंतु यज्ञेशने आधी भागोजींचे खाते उघडले, आणि भागोजी स्वभावाने उतावळे निघाले. त्यांनी आनंदाने होकार कळवला. वडीलधारे येणार म्हटल्यावर निशिगंधाताईंना नाही म्हणवेना. मग यजमानपण पाध्यांकडे आपसूक आले. जी भेट टाळायची, ती त्या तिघांनी आपसात ठरवून टाकली.

"मी येणार नाही," ऋजुता म्हणाली.

"तू घरातच असणार आहेस."

"निशिगंधा म्हणून येणार नाही."

 यज्ञेश नुसता खुर्चीत बसला, आणि ज्या हातांनी त्याने इतक्या पहाटे टंकले होते ते मांडीवर ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिला. नाटक केले असते तर ऋजुताने ते ओळखले असते. हे नाटक नव्हते, हीच तिची पंचाईत झाली.

"एका अटीवर," ती म्हणाली. "मी खोटं बोलणार नाही. विचारतील त्याचं खरं उत्तर देईन. मला निशिगंधा म्हणायचं ते तू म्हण."

"चालेल. आणि आप्पा, तुम्ही भागोजी."

"जेवण वेळेवर असलं म्हणजे झालं," आप्पा म्हणाले. भागोजींची कादंबरी त्यांनी वाचली नव्हती. भुताखेतांचे वाचून झोप उडते, आणि हंगामात झोप उडवून घेणे परवडत नाही, असे त्यांचे म्हणणे.

मनस्वी आली ती लग्नाच्या मांडवातूनच, तोंडावर थंड पाण्याचा हबका मारून. वयाने यज्ञेशपेक्षा लहान, बोलायला हळू, आणि नजर अशी की जिथे पडेल तिथे जराशी थांबे. बैठकीत शिरताच ती भिंतीवरच्या एका खिळ्यावर थांबली. खिळ्याखाली रंग न उडालेला स्वच्छ चौकोन होता. तिथे सकाळपर्यंत यज्ञेश आणि ऋजुता यांच्या लग्नाचा फोटो होता.

"घरी तुम्ही एकटेच?" तिने विचारले.

"वडील बागेत गेलेत. पत्नी माहेरी," यज्ञेश म्हणाला.

पलीकडे बसलेल्या पत्नीने पदर सारखा केला. बागेत गेलेल्या वडिलांनी जांभई दिली.

"हे भागोजीकाका. आणि या निशिगंधाताई."

"तुम्ही सावर्ड्याच्या?" मनस्वीने विचारले.

"सावर्ड्यावरून पुष्कळदा गेलेय," ऋजुता म्हणाली.

"लिहायला वेळ कधी मिळतो?"

"पेपर तपासून झाले की."

"घरी लिहिण्याचं वातावरण आहे का?"

"नवरा लिहितो."

"अरे वा. मग तुमचं वाचत असतील."

"नाही," ऋजुता शांतपणे म्हणाली. "त्याने अजून वाचलेलं नाही."

यज्ञेशला तिच्या अभिनयाचे मनापासून कौतुक वाटले. अट घालूनही बाई किती सफाईने निभावून नेते आहे, असे त्याला वाटले. (या वाक्याची आठवण त्याला पुढे कोणी करून देऊ नये, अशी त्याची विनंती आहे.)

मनस्वी आप्पांकडे वळली. "काका, तुमच्या बोगद्यात भीती किती हळूहळू वाढत जाते."

"तुडतुड्याची कीड तशीच वाढते," आप्पा म्हणाले. "आधी पानामागे. आपल्याला पत्ता नाही. मग एकदम मोहोर काळा."

"आणि ती बाई? ती पहिल्यांदा कशी दिसली तुम्हाला?"

"बोगद्यात बाई कशाला जाईल? पाणी असतं तिथे."

"म्हणजे, ती कल्पनेतली आहे, असं काका म्हणतायत," यज्ञेश घाईने म्हणाला.

"मी काय म्हणतोय ते मला ठाऊक आहे," आप्पा म्हणाले.

जेवायला फणसाची भाजी, सोलकढी, घावन आणि आमरस होता. पानावर बसल्यावर लोणचे राहिल्याचे लक्षात आले. यजमान स्वयंपाकघरात गेला आणि तिथेच राहिला. आतून डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. शेवटी पाहुण्या निशिगंधाताई उठल्या, वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे हात घातला आणि बरणी घेऊन परत आल्या. मनस्वीने लोणचे वाढून घेतले आणि उत्तम झाल्याचे सांगितले.

"निशिगंधाताई, एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "नववं प्रकरण. मांडवीच्या धक्क्यावर ती डबा उघडते ते. ते कसं सुचलं?"

यज्ञेशचा हात वाटीवर थांबला. त्याच्या नवव्या प्रकरणात डबा नव्हता. तिथे चांदणे होते, आणि नायिकेचे स्वगत होते. बाईंनी दुसऱ्याच कोणाची कादंबरी निशिगंधाताईंच्या नावावर धरली, हा घोटाळा वेळीच निस्तरला पाहिजे, असे त्याला वाटले.

"तिथे चांदणं आहे बहुतेक," तो म्हणाला.

"चांदणं नाहीये," मनस्वी म्हणाली.

"चांदणं काढलं," ऋजुता म्हणाली. "तिथीप्रमाणे त्या रात्री चंद्र उशिरा उगवतो."

"आणि डबा?"

ऋजुताने घावनाचा तुकडा मोडला. "नवरा सोडून गेला तरी हात सवयीने दोन डबे भरतो. ती त्याचा डबा घेऊन धक्क्यावर जाते आणि स्वतःच खाते. तेव्हा तिला कळतं की भाजी अळणी आहे. इतकी वर्षं ती त्याच्या डब्यात मीठ घालायला विसरत होती का, आणि तो कधीच का बोलला नाही. प्रेमामुळे, की त्याचं लक्षच नव्हतं. एवढंच."

"एवढंच," मनस्वी म्हणाली, आणि थोडा वेळ जेवलीच नाही.

यज्ञेशला घाम फुटला होता. परंतु मे महिन्यात रत्नागिरीत तो कोणालाही फुटतो, त्यामुळे लक्षात आले नाही. तो विषय बदलण्यासाठी शब्द शोधत होता. विषय मनस्वीनेच बदलला.

"रस सुरेख आहे. पेट्या पाठवल्यात ना तुम्ही, ते आंबे असेच होते. पेटीवर एक खूण होती. वर्तुळात 'पा', खाली दोन रेघा. ती कोणाची?"

प्रश्न कोणालाच उद्देशून नव्हता. यज्ञेश खोकला.

"खोकू नकोस, मी सांगतोय," आप्पा म्हणाले आणि ताठ बसले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांना त्यांच्या विषयातले विचारले गेले होते. "पाध्यांचा मार्का तो. माझ्या वडिलांनी सुरू केला. खालच्या रेघा म्हणजे झाडावर पिकत आलेलं फळ उतरवून गवतात पिकवलेलं, रसायन नाही. वाशीत आजही हा मार्का दिसला की पेटी उघडून बघत नाहीत."

"भागोजीकाका, आंबे तुमच्या बागेतले नव्हेत वाटतं," मनस्वी म्हणाली.

"माझ्याच बागेतले. दुसऱ्या कोणाच्या असायचे?"

"तिन्ही पेट्यांवर तोच होता."

"असणारच. हा म्हणाला होता लावू नका म्हणून." आप्पांनी मुलाकडे बोट केले. "मी म्हटलं, तू स्वतःला हवं ते नाव घे. सावर्डेकर हो, चिपळूणकर हो. माझा आंबा दुसऱ्याच्या नावाने जायचा नाही."

 यज्ञेशचे कान तापले. लाज वाटणे म्हणजे काय, हे त्याने तिन्ही कादंबऱ्यांत सविस्तर लिहिले होते: जमीन दुभंगावी असे वाटते, वगैरे. प्रत्यक्षात तसे काहीच वाटले नाही. समोरच्या वाटीतला रस संपवावा की तसाच ठेवावा, एवढाच प्रश्न त्याला पडला, आणि त्याचेही उत्तर येईना. सगळ्यांत वाईट हे, की ऋजुताच्या तोंडावर त्याला रागाचा लवलेशही दिसला नाही. ती त्याच्या पानात घावन वाढत होती.

"पेट्या आल्या त्या दिवसापासून मला माहीत आहे," मनस्वी म्हणाली. "म्हणूनच भेटायचं होतं."

"मी सगळं सांगणार होतो," यज्ञेश म्हणाला.

"कधी?" ऋजुताने विचारले. तिची अट दुसऱ्यांनाही लागू होती, असे दिसले.

"मला वाटलं, तीन तऱ्हेचं लिहिणारा माणूस तुम्ही घेणार नाही," यज्ञेश पानाकडे पाहत म्हणाला. "कुठल्या फळीवर ठेवायचा, कळत नाही म्हणतात."

"फळी दुकानदार बघतो," मनस्वी म्हणाली. "मी माणूस घेते. पहिल्याच मेलमध्ये लिहायचं, की तीन प्रकारचं लिहितो, आधी हे वाचा. माझे निम्मे लेखक असेच आहेत."

म्हणजे नाटकाची मुळात गरजच नव्हती. काढलेल्या फोटोची नाही, रिकाम्या खिळ्याची नाही, भागोजींची तर मुळीच नाही. यज्ञेशने धीर गोळा केला. कान तापलेलेच होते, तरी आत कुठेतरी पहाटेचे टेबल दिसू लागले होते.

"मग तुम्ही घ्याल?"

"सुभेदार अजून तयार नाही. तलवार उपसायच्या आधी तो फार बोलतो. बोगद्यात मला भीती वाटली नाही. काकांनी तुडतुड्याचं सांगितलं तेव्हा जास्त वाटली." ती थांबली. "प्रेमकथा मी घेईन. आत्ता घेईन. फक्त एक शंका आहे. तिन्ही पेट्यांवर मार्का एक आहे, पण तिसऱ्या कादंबरीतला माल दुसऱ्या बागेतला वाटतो. नववं प्रकरण कोणी लिहिलं?"

यज्ञेशने तोंड उघडले. त्याला आठवले की या घरात आज एका व्यक्तीने खोटे न बोलण्याची अट घातली आहे.

"मी," ऋजुता म्हणाली.

मनस्वी गेल्यावर (जाताना तिने आप्पांकडून आणखी एक पेटी मागून घेतली, मार्क्यासकट) यज्ञेशने फोटो परत खिळ्याला लावला. तो तिरका लागला. ऋजुताने येऊन सरळ केला.

"किती लिहिलंस?" त्याने विचारले.

"तपासताना जिथे पटलं नाही, तिथे."

"म्हणजे किती?"

"तू वाच. आणि तुझं कुठलं ते मला सांग."

त्याने वाचली. आपली शैली आपण कुठेही ओळखू, अशी त्याची खात्री होती. सातव्या प्रकरणातला एक उतारा त्याने पडवीत आप्पांना मुद्दाम मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाला, "हे बघा. असं वाक्य सुचायला पाहिजे." आप्पांनी मान डोलावली. स्वयंपाकघरातून ऋजुता काहीच बोलली नाही. तिच्या न बोलण्याचा अर्थ लावत तो पुढची दोन प्रकरणे वाचत राहिला, आणि त्यातले एकही वाक्य शपथेवर आपले म्हणवेना. पुस्तकावर नाव कोणाचे घालायचे ते घरात ठरवून कळवा, असे मनस्वीने सांगितले होते. ते ठरले नाही.

मग कॉलेज सुरू झाले. पहिल्या सोमवारी दुपारी यज्ञेशने कचेरीत डबा उघडला. पडवळाची भाजी होती. त्याने पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि थांबला. भाजी अळणी होती.

शेजारच्या टेबलावरच्यांनी चटणी पुढे केली. त्याने घेतली नाही. बोलावे, तर बायकोच्या स्वयंपाकात खोड काढणारा नवरा. न बोलावे, तर नवव्या प्रकरणातला. असा पेच त्याच्या कोणत्याही सुभेदारावर आला नव्हता. संध्याकाळपर्यंत त्याने एकही टिप्पणी पुरी केली नाही.

घरी ऋजुता प्रयोगवह्या तपासत बसली होती. त्याने चपला काढल्या, डबा मोरीत ठेवला आणि शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला, "भाजीत मीठ नव्हतं."

ऋजुताने वहीवरून मान वर केली नाही.

"आज कळलं?" तिने विचारले.

भाजीत मीठ नेमके केव्हापासून नव्हते, हे अजून समजलेले नाही. यज्ञेशने आप्पांना विचारले. तीच भाजी ते घरी खातात. ते म्हणाले, "मी आपलं वरून घेतो." केव्हापासून, हे मात्र त्यांनाही आठवत नाही.